मीटर कसा चालतो? : स्त्रीवादी विज्ञानकथा आणि आपली समीक्षा

(सूस येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच उशिराबद्दल माफी मागते. खाली टँकर आडवा लागला होता आणि निम्मी मंडळी फाटकापाशी अडकली होती. सूसमध्ये राहणाऱ्यांना यात नवीन काही नाही. २०२१ साली आपलं गाव पुणे महापालिकेत गेलं, पण आमच्या सोसायटीत पाणी अजून टँकरनंच येतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आजच्या विषयात पाणी आहे, फाटकही आहे. दोन्हींकडे परत येऊ.

विषय असा आहे: स्त्रीवादी विज्ञानकथा पुन्हा वाचायची, आणि तिच्याबरोबर विज्ञानकथेची समीक्षाही पुन्हा वाचायची. मी साहित्याची प्राध्यापक नव्हे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही तर्कशास्त्र जास्त. त्यामुळे माझा प्रश्न 'कथा सुंदर आहे का' इथून सुरू होत नाही. माझा प्रश्न असा, की आपण एखाद्या कथेला 'ही विज्ञानकथा' आणि दुसरीला 'ही नव्हे' असं म्हणतो, तेव्हा कोणती कसोटी वापरतो? आणि त्या कसोटीतून काय निसटतं?

दोन प्रसंगांपासून सुरुवात करते. एक मुंबईचा, एक अमेरिकेतला. दोन्ही साधारण एकाच वेळचे.

पहिला तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं, की जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली. नाव मोठं, त्याचा परीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. पण अक्षर ओळखलं गेलं असतं. म्हणून कथेची प्रत लिहून काढली मंगलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं.

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात हा किस्सा गमतीनं सांगितला जातो आणि तो गमतीचा आहेच. मीही कितीतरी वेळा सांगितला. पण पन्नास वर्षांनी तो पुन्हा वाचताना माझं लक्ष त्या अक्षराकडे गेलं. मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ. अंकांच्या सिद्धांतात त्यांनी काम केलं, मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना १९८१ साली मिळाली, म्हणजे ती प्रत उतरवल्यानंतर सात वर्षांनी. घर आधी आणि स्वतःचं गणित नंतर, असं आपल्या पिढीतल्या शिकलेल्या बायकांचं झालं, हे त्यांनी स्वतः मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. यात मी कुणाला दोष देत नाही. नवराबायकोंनी मिळून केलेली ती एक सोय होती. मी एवढंच म्हणते, की ज्या कथेपासून आपण मराठी विज्ञानकथेचा नवा काळ मोजतो, तिची परीक्षकांच्या हाती गेलेली प्रत एका स्त्री गणितज्ञाच्या अक्षरात होती. आणि ही गोष्ट आपण तळटीप म्हणून सांगतो.

दुसरा प्रसंग. जेम्स टिपट्री ज्युनिअर नावाचे एक अमेरिकन विज्ञानकथाकार होते. १९६८पासून त्यांच्या कथा छापून येत होत्या. त्यांना कुणी भेटलं नव्हतं; सगळा व्यवहार पत्रानं. १९७५ साली त्यांच्या एका कथासंग्रहाला रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत लेखकानं प्रस्तावना लिहिली. टिपट्री म्हणजे बाई असावी अशी कुजबुज होती. सिल्व्हरबर्गनी ती उडवून लावली. या लेखनात पुरुषीपणा इतका स्पष्ट आहे की ते बाईचं असूच शकत नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. दीड-दोन वर्षांत उघड झालं, की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन. वय साठच्या पुढे. सिल्व्हरबर्गनी चूक मोकळेपणानं मान्य केली, हेही सांगायला हवं.

गंमत अशी, की त्याच संग्रहात 'द विमेन मेन डोन्ट सी' ही १९७३ची कथा आहे. पुरुषांना न दिसणाऱ्या बायका, असं त्या शीर्षकाचं मराठी करता येईल. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक छोटं विमान कोसळतं. कथा सांगणारा पुरुष आहे आणि त्याच्यासोबत एक आई आणि तिची मुलगी अडकल्या आहेत. तो सतत त्या आईकडे बघतो, अंदाज बांधतो आणि प्रत्येक अंदाज चुकतो. शेवटी परग्रहावरचे जीव येतात, तेव्हा या दोघी त्यांच्याबरोबर निघून जायचं ठरवतात. त्याला कळतच नाही, का. अनोळखी ग्रहावर जाणं त्यांना इथं राहण्यापेक्षा फारसं परकं वाटत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. कथेतला निवेदक जे पाहू शकला नाही, तेच त्या संग्रहाच्या प्रस्तावनाकाराच्या नजरेतूनही निसटलं. समीक्षा आणि कथा शेजारीशेजारी ठेवून वाचायच्या, असं मी म्हणते, ते यासाठी.

आता आपल्या घरात येऊ.

मराठी विज्ञानकथेबद्दल बोलताना आपल्याकडे एक प्रश्न ठरलेला आहे: 'विज्ञान किती आणि कथा किती?' परिसंवादात, परीक्षणात, स्पर्धेच्या निकालपत्रात, सगळीकडे. विज्ञान जास्त झालं की निबंध, कथा जास्त झाली की अद्भुतकथा. स्वयंपाकातल्या मिठासारखं प्रमाण साधायचं.

ही कसोटी आली कुठून, ते समजून घ्या. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली ती विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी. स्पर्धा हा त्याचाच एक मार्ग. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशा लेखकांनी ही वाट रुळवली. चमत्कार आणि विज्ञान यांची सरमिसळ करणाऱ्या समाजात 'यात विज्ञान कुठे आहे?' हा प्रश्न विचारणं आवश्यक होतं. आजही आहे. मी त्या प्रश्नाच्या विरोधात नाही.

पण प्रश्न ज्या कामासाठी घडवला, ते काम तो करतो. दुसऱ्या कामाला लावला की चुकीचं उत्तर देतो. दुधाचं माप घेऊन कापड मोजायला बसलो तर कापड कमी भरलं असं म्हणता येत नाही. हे मला कसं कळलं, ते सांगते. यात चूक माझी आहे.

१९८०च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होते तिथे विद्यार्थ्यांसाठी विज्ञानकथा स्पर्धा झाली. परीक्षक तिघे: एक भौतिकशास्त्राचे, एक मराठीचे, आणि तर्कशास्त्र शिकवते म्हणून मी. एका मुलीची कथा आली होती. खेडेगावातून शिकायला आलेली मुलगी. कथेत तिच्या गावात घरोघरी एक नवा मीटर बसवतात. विजेच्या मीटरसारखाच, भिंतीवर. पण तो वीज मोजत नाही. घरात कोण किती वेळा उठलं, ते मोजतो. पाण्यासाठी उठणं, मूल रडलं म्हणून उठणं, म्हाताऱ्यांना औषध द्यायला उठणं, दार उघडायला उठणं. महिनाअखेर बिल येतं. मग घराघरांत भांडणं: या बिलाचा ग्राहक कोण? सासू म्हणते, आमच्या वेळी मीटर नव्हता तेच बरं होतं. शेवटी ग्रामसभेत ठराव होतो आणि मीटर काढून नेतात. एक बाई मात्र आपला मीटर पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवते. तो तिथे चालू राहतो.

मी शेरा लिहिला: 'कल्पना बरी. परंतु मीटर कसा चालतो याचा खुलासा नाही. विज्ञानाचा भाग शून्य.' दुसऱ्या दोघांनी मान डोलावली. पहिलं बक्षीस मंगळावर इंधन संपलेल्या यानाच्या कथेला गेलं. त्यातली आकडेमोड बरोबर होती. त्या कथेतही एक बाई होती. ती पृथ्वीवर वाट बघत होती. ती काय काम करते, घर कशावर चालतं, हे आम्ही तिघांनीही विचारलं नाही. पुढच्या वर्षी मीटरवाली मुलगी स्पर्धेत उतरली नाही.

आता माझी खरी लाज कशात आहे, ते ऐका. त्याच वर्षी, त्याच आठवड्यात असेल, मी वर्गात ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन शिकवत होते. गर्भपाताच्या नैतिकतेवरचा त्यांचा १९७१चा प्रसिद्ध निबंध. त्यात त्या म्हणतात, कल्पना करा, तुम्ही सकाळी जागे होता आणि तुमच्या पाठीला पाठ लावून एक नामवंत व्हायोलिनवादक बेशुद्ध पडलेला आहे. त्याची मूत्रपिंडं निकामी आहेत. तुम्हाला पळवून आणून त्याचं रक्ताभिसरण तुमच्या शरीराला जोडलं आहे. नऊ महिने असेच राहिलात तर तो वाचेल. आता सांगा, तुमच्यावर राहण्याची सक्ती आहे का?

मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. नळ्या कोणत्या, रक्तगट कसा जुळवला, हे एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मी म्हणाले असते, 'अरे, मुद्दा तो नाही.' हिलरी पटनम यांचा जुळ्या पृथ्वीचा दाखलाही तसाच. सगळं आपल्यासारखं, फक्त तिथलं पाणी रासायनिकदृष्ट्या वेगळं. तिथे यान कसं पोहोचतं, असं पटनमना कुणी विचारत नाही. तत्त्वज्ञानात याला विचारप्रयोग म्हणतात. एक गृहीत हलवायचं, बाकीचं जग शक्य तितकं जागेवर ठेवायचं आणि परिणाम शेवटपर्यंत पाहायचे.

म्हणजे पटनमना जी सवलत मी वर्गात देत होते, ती खेड्यातून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला दिली नाही. तिला विचारलं, मीटर कसा चालतो?

याचा अर्थ विज्ञानकथेला कसोटीच नको, असा होत नाही. मागे एकदा असंच बोलले तेव्हा एका गृहस्थांनी नेमका आक्षेप घेतला होता: मॅडम, अशानं परीकथाही विज्ञानकथा होईल. आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला दार्को सुविन या समीक्षकाची मदत घेते. १९७०च्या दशकात त्यांनी विज्ञानकथेची जी व्याख्या केली, ती अजून वादात आणि वापरात आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विज्ञानकथा ओळखीचं जग परकं करून दाखवते, पण ते परकेपण विचारानं तपासता येईल अशा शिस्तीत उभं असतं. कथेत एक नवी गोष्ट येते, तिला ते 'नोव्हम' म्हणतात, आणि त्या एका नवेपणानं सगळं जग तर्कशुद्ध रीतीनं बदलतं. परीकथेत जादूला परिणामांचा हिशेब द्यावा लागत नाही. इथे द्यावा लागतो. आणि सुविन आणखी पुढे जाऊन म्हणतात, की आदर्श राज्याची कल्पना रंगवणारी कथा, म्हणजे युटोपिया, ही विज्ञानकथेचीच सामाजिक-राजकीय शाखा आहे. म्हणजे ती नवी गोष्ट यंत्रच असली पाहिजे असं नाही. नवा कायदा असू शकतो, नवी कुटुंबव्यवस्था असू शकते.

तेव्हा मी दोन प्रश्न सुचवते. एक: या कथेनं कोणतं गृहीत हलवलं? दोन: हलवल्यावर परिणामांचा हिशेब प्रामाणिकपणे दिला का? मीटरची कथा या दोन्हींवर उतरते. बिल, ग्राहक, सासू, ग्रामसभा, सगळा हिशेब तिनं दिला होता. नापास व्हायला हवी होती ती परीक्षक.

या दोन प्रश्नांनी आता मागे वळून वाचू.

रुकय्या सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा १९०५ साली मद्रासच्या 'द इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली. बिहारमध्ये भागलपूरला राहणाऱ्या, घरात चोरून इंग्रजी शिकलेल्या मुस्लिम बाईनं ती लिहिली. पडदा आहे, पण पडद्याआड पुरुष आहेत. त्यांच्या जागेला नाव 'मर्दाना'. बायकांची दोन विद्यापीठं आहेत. एकानं ढगांतून थेट पाणी ओढून घेणारा फुगा तयार केला आहे, दुसऱ्यानं सूर्याची उष्णता साठवण्याचं तंत्र. स्वयंपाकघरात धूर नाही. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या गावाला त्या फुग्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. लक्षात घ्या, रुकय्यांचं विज्ञान कुठून सुरू होतं: पाणी आणि चूल. बाईच्या डोक्यावरचा हंडा आणि डोळ्यातला धूर. १९०५ साली. याला 'विज्ञान किती' म्हणून मोजायला गेलो तर आपल्याला फक्त फुगा दिसेल. हंडा दिसणार नाही.

त्या कथेत आणखी एक मार्मिक जागा आहे. स्त्री शास्त्रज्ञांच्या या शोधांना तिथले लष्करी पुरुष भावुक दुःस्वप्न म्हणून हसतात. म्हणजे आपल्या कथेची समीक्षा कशी होईल, हे रुकय्यांनी कथेतच लिहून ठेवलं. आणि खरोखर पहिली समीक्षा घरातूनच आली. नवऱ्यानं ती उभ्याउभ्या वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे असे उद्गार काढले, ही आठवण त्यांनीच सांगितली आहे. त्यांचे पती उदार होते, तिच्या लिहिण्याला त्यांचा पाठिंबा होता. तरी वाचताना त्यांना फुगा नाही दिसला, सूड दिसला.

मराठीत काय होतं? १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं. ती विज्ञानकथा आहे असा दावा मी करणार नाही. तो निबंध आहे, धारदार निबंध. पण त्यातली एक युक्ती पाहा. विधवेला जे नियम, तेच विधुराला लावून त्या विचारतात: बायको मेल्यावर तुम्ही का मिशा काढून रानात जाऊन बसत नाही? एकच गृहीत उलटं केलं आणि ज्याला आपण रीत म्हणत होतो ती अचानक परक्या ग्रहावरची वाटू लागली. रुकय्यांच्या २३ वर्षं आधी. यंत्र एकही नाही, पण स्त्रीवादी विज्ञानकथेचं मुख्य हत्यार हेच आहे. आणि हे पुस्तक आपण विसरून गेलो होतो. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं ते १९७५ साली. म्हणजे 'कृष्णविवर'ला बक्षीस मिळालं त्याच्या पुढच्याच वर्षी, सिल्व्हरबर्गनी प्रस्तावना लिहिली त्याच वर्षी. पण विज्ञानकथेची समीक्षा एका कपाटात आणि ताराबाई दुसऱ्या कपाटात, अशी आपली व्यवस्था. दोन्ही कपाटं एकदम उघडावीत असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

तिसरं नाव काशीबाई कानिटकर. लग्नानंतर शिकलेल्या, आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिणाऱ्या. त्यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी १९२८ साली प्रसिद्ध झाली. एक काल्पनिक संस्थान आहे आणि त्याचा कारभार स्त्रीच्या हाती येतो. ती तो कसा चालवते, बायका राज्यकारभारात आल्या तर राज्य कसं दिसेल, हे काशीबाई रंगवतात. मीरा कोसंबी यांनी काशीबाईंवर जे काम केलं त्यात त्यांनी या कादंबरीला स्त्रीवादी युटोपिया म्हणूनच वाचलं. सुविन यांची व्याख्या धरली तर हे पुस्तक विज्ञानकथेच्या घराण्यातलं ठरतं. आपल्या याद्यांत ते नाही. कारण आपल्या शब्दातच 'विज्ञान' आहे आणि विज्ञान म्हणजे प्रयोगशाळा, असं आपण धरून चालतो.

जोआना रस या लेखिकेनं १९८३ साली बायकांचं लेखन कसं दाबलं जातं यावर एक पुस्तकच लिहिलं. त्यात अनेक युक्त्यांची यादी आहे. तिनं लिहिलंच नाही म्हणायचं. लिहिलं, पण कुणीतरी मदत केली म्हणायचं. आणि एक फार सभ्य युक्ती: लिहिलं, चांगलंही लिहिलं, पण हे त्या प्रकारात बसत नाही म्हणायचं. माझा शेरा या तिसऱ्या खणातला होता. सभ्य, मुद्देसूद, आणि निळ्या शाईत.

आता दुसरी बाजू. पुनर्वाचन म्हणजे जुन्या लेखिकांना हार घालणं नव्हे. त्यांनाही तेच दोन प्रश्न विचारले पाहिजेत. रुकय्यांनी पडदा उलटा केला, पण ठेवला. कोंडणारे बदलले, कोंडणं राहिलं. त्यांनी ते उपहासानं केलं हे खरं, तरी परिणामांचा हिशेब मागायचा तर तो सगळ्यांकडून मागायचा. काशीबाईंच्या राज्यकर्त्या बायका कोणत्या घरांतून येतात आणि त्यांच्या घरची भांडी कोण घासतं, हेही विचारायचं. प्रेमानं विचारायचं, पण विचारायचं.

असं वाचन खुद्द लेखिकेनंच केल्याचं उत्तम उदाहरण अर्सुला ले ग्विन यांचं आहे. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही त्यांची कादंबरी १९६९ची. त्या ग्रहावरची माणसं कायमची स्त्री किंवा पुरुष नसतात. महिन्यातले काही दिवस यांपैकी काहीही होऊ शकतात. जो राजा आहे तो गरोदर राहू शकतो. पण संपूर्ण कादंबरीत त्यांच्यासाठी सर्वनाम पुरुषाचंच. टीका झाली. १९७६च्या निबंधात ले ग्विननी त्या सर्वनामाचं समर्थन केलं. १९८७ साली तोच निबंध पुन्हा छापताना त्यांनी जुना मजकूर तसाच ठेवला आणि शेजारी नव्या टिपा जोडल्या: इथे मी चुकले होते, इथे मी बचावाचा पवित्रा घेतला होता. जुनं खोडलं नाही. समीक्षेचा इतका प्रामाणिक नमुना मी फार थोडा पाहिला आहे.

ही कादंबरी मराठीत आणायची झाली तर काय होईल, याचा मी बराच विचार केला. आपल्याकडे तीन लिंगं. तिसरं नपुंसकलिंग, पण ते आपण मुलाला, वासराला, पाखराला देतो. राजाला 'ते आलं' म्हटलं तर तो एकदम पाच वर्षांचा होतो. आदरार्थी म्हणावं तर 'ते आले' पुरुष आणि 'त्या आल्या' स्त्री. मान देतानाही लिंग विचारूनच मान देतो. प्रथमपुरुषातही सुटका नाही. 'मी गेले' म्हटल्याबरोबर तुम्हाला कळतं, बोलणारी बाई आहे.

मग एके दिवशी लक्षात आलं. भविष्यकाळात तसं होत नाही! तो जाईल, ती जाईल, ते जाईल. मी जाईन. मराठीत झालेल्या आणि चाललेल्या गोष्टींच्या क्रियापदाला बहुधा लिंग असतं, होणाऱ्या गोष्टीला नसतं. विज्ञानकथेसाठी केवढी सोय! पण फार खूश होऊ नका. 'उद्या सकाळी चहा कोण करील?' या वाक्याच्या व्याकरणात लिंग नाही. उत्तर मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. व्याकरणानं दार उघडं ठेवलं आहे, आत जायचं काम लेखकांचं आणि वाचकांचं.

आता फाटकाकडे येते आणि थांबते.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर हल्ली एक अ‍ॅप आहे. तुमच्याकडेही असेल. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आत शिरल्या की माझ्या फोनवर नोंद येते: आल्या, सात वाजून बारा मिनिटं. गेल्या, आठ वाजून चाळीस. महिनाअखेर कोणत्या दिवशी किती उशीर, सगळं दिसतं. पहिल्यांदा ती नोंद पाहिली आणि मला तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची ती कथा आठवली. मीटर आला की! फक्त उलट्या बाजूनं बसवला. मावशी माझ्या घरात किती मिनिटं होत्या, हे मला कळतं. त्या पहाटे किती वाजता उठल्या, स्वतःच्या घरचं पाणी कधी भरलं, इथे यायला किती चालल्या, हे तो मोजत नाही. आणि मी दिवसातून किती वेळा कुणासाठी उठते, तेही नाही. यंत्र कसं चालतं याचा खुलासा हवा असेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात आहे. त्या मुलीनं विचारलेला प्रश्न, बिलाचा ग्राहक कोण, त्यात नाही.

हायवेच्या पलीकडे पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसर आहे. तिथे शिकणारी मुलं-मुली आपल्या या इमारतींत भाड्यानं राहतात. काही आज इथे बसलेली दिसतात. त्यांना आणि बाकीच्यांनाही माझी एक विनंती. शुभदा गोगटे, रेखा बैजल, मेघश्री दळवी यांच्या विज्ञानकथा वाचा. जुने दिवाळी अंक मिळाले तर चाळा. ज्या कथांना 'सामाजिक' किंवा 'कल्पनारम्य' म्हणून बाजूला ठेवलं गेलं, त्यांना ते दोन प्रश्न विचारा: कोणतं गृहीत हलवलं, आणि हिशेब दिला का? काही कथा उतरतील, काही नाहीत. नाही उतरल्या तर तसं स्पष्ट लिहा. उगाच कौतुक करू नका, त्यानं कुणाचं भलं होत नाही.

आणि कधी परीक्षक म्हणून बसलात तर शेरा पेन्सिलीनं लिहा. ले ग्विनसारखं शेजारी काही जोडायची वेळ आली तर जागा असावी. मला आज तो कागद मिळाला, तर माझा जुना शेरा मी खोडणार नाही. त्याच्याखाली लिहीन: 'खुलासा परीक्षकानं मागायला नको होता. मीटर चालू आहे.'

प्रश्न असतील तर घेऊ. टँकर गेला असेल आतापर्यंत, कुणाला घाई नसावी.